कवडीचा रंग आणि मुलीचा प्रश्न

ताई, नमस्कार.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. चौदा वर्षांपासून इंग्लंडमध्ये आहोत, सध्या लँकेशायरच्या एका लहान गावात. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठी पोनी घेतली. तांबडी-पांढरी, वय नऊ, उंची 131 सेंटिमीटर, कागदावर ‘वेल्श क्रॉस’, म्हणजे वेल्श जातीची पण मिश्र रक्ताची. खांद्यावर कवडीच्या आकाराचा पांढरा डाग आहे म्हणून सासूबाईंनी साताऱ्याहून व्हिडिओवर बघूनच तिचं नाव कवडी ठेवलं. माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकते आणि तबेल्याकडे पळते.

या उन्हाळ्यात आम्ही तीन शोंना, म्हणजे घोड्यांच्या स्पर्धांना गेलो. पहिल्यात वेल्श पोनींच्या वर्गात नाव दिलं होतं, तर स्टुअर्डने, म्हणजे रिंगणाची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने, रिंगणातूनच बाहेर काढलं. म्हणाले, हा रंग इथे चालत नाही. पुढच्या दोन शोंत 133 सेंटिमीटरपर्यंतच्या ‘शो हंटर पोनी’ या वर्गात नाव दिलं. एकात शेवटून दुसरा नंबर, एकात शेवटचा. कवडी एकदाही अडली नाही, बिचकली नाही. दुसऱ्या शोच्या परीक्षक बाई नंतर म्हणाल्या, “गोड आहे पोनी, पण रंगाने घात केला.” तबेल्यातली एक मैत्रीण सांगते, ही विका आणि साधी एकरंगी घ्या. दुसरी म्हणाली, पायावरच्या पांढऱ्यावर डाय लाव, कुणाला कळतंय.

हे सगळं मी सोसलं असतं. पण परत येताना गाडीत मुलीने विचारलं, “आई, कवडीच्या रंगामुळे की माझ्या?” मी समोर बघून गाडी चालवत राहिले. काही बोलले नाही. काय करू ते सांगा. तक्रार करू, पोनी विकू, की हा नाद सोडू?

– एक आई

प्रिय ताई,

कवडीबद्दल नंतर बोलू. आधी गाडीतल्या त्या प्रश्नाबद्दल.

तुम्ही गप्प राहिलात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. स्टिअरिंग हातात असताना कुणाही आईच्या घशात आवंढा आला असता. पण ते गप्प राहणं फार दिवस लांबवू नका. आपण बोललो नाही की मुलं त्याचा अर्थ आपल्या मनाने लावतात, आणि बहुतेकदा असेल त्यातला सगळ्यात वाईट अर्थ लावतात. तिला खरं उत्तर द्यायला हवं. खरं उत्तर द्यायचं तर तीन शोंमध्ये नेमकं काय झालं ते तुम्हाला नीट माहीत हवं, कारण तुमच्या पत्रावरून मला दिसतंय की प्रत्येक वेळी वेगळं काही झालेलं आहे. मनात मात्र त्या तिन्हीचा एकच गोळा झालाय.

पहिल्या शोमध्ये भेदभाव झाला नाही. तुम्हाला हे वाचून राग येईल, तरी सांगते. 1901 मध्ये स्थापन झालेली वेल्श पोनी अँड कॉब सोसायटी या जातीची वंशावळ ठेवते. त्यांच्या नियमात कुठलाही रंग चालतो, फक्त मोठ्या पांढऱ्या पट्ट्यांचे अबलख घोडे चालत नाहीत. आपण मराठीत सरसकट ‘अबलख’ म्हणतो. इंग्रज त्यात दोन भाग करतात. काळा-पांढरा तो पायबॉल्ड, आणि पांढऱ्याबरोबर दुसरा कुठलाही रंग असेल तर स्क्यूबॉल्ड. वेल्शच्या वंशावळीत दोन्हीला जागा नाही. शिवाय तुमची कवडी कागदावरच क्रॉस आहे, म्हणजे शुद्ध वेल्शच्या वर्गात ती एकरंगी असती तरी बसली नसती. तुम्ही वर्गाची पाटी वाचलीत, वेळापत्रकाच्या मागे बारीक अक्षरात छापलेले नियम वाचले नाहीत. पहिल्या वर्षी सगळ्यांचं असंच होतं.

हा नियम कुठून आला हेही समजून घ्या, म्हणजे तो कमी बोचेल. कवडीसारखे मोठे, स्वच्छ कडांचे पट्टे ज्या जनुकामुळे येतात त्याला टोबियानो म्हणतात. हे जनुक सहसा लपून राहत नाही. आईबापांपैकी एकाच्या अंगावर पट्टे असले तरच शिंगराच्या अंगावर येतात. दोन एकरंगी वेल्श पोनींना पट्ट्यांचं शिंगरू झालं, तर वंशावळ लिहिणारा आधी बाप कोण ते तपासतो. ज्या जातीच्या जुन्या वंशावळीतच पट्टे नव्हते, तिथे पट्टा दिसला म्हणजे बाहेरचं रक्त आलं असा त्यांचा हिशेब. एक्समूर पोनीच्या अंगावर तर पांढरा ठिपकाही चालत नाही. न्यू फॉरेस्ट आणि डार्टमूरमध्ये पट्टे वर्ज्य. उलट शेटलंड पोनीत पट्टे खुशाल चालतात, तिथे फक्त चित्त्यासारखे ठिपके चालत नाहीत. म्हणजे प्रत्येक घराचा रिवाज वेगळा. नियम पटो न पटो, तो छापलेला असतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला तोच लागू होतो.

स्टुअर्डचं वागणं मात्र मला मुळीच आवडलं नाही. मी स्वतः यॉर्कशायरच्या खेड्यापाड्यांतल्या शोंमध्ये बरीच वर्षं स्टुअर्ड म्हणून उभी राहिले आहे. नाव चुकीच्या वर्गात आलंय हे रिंगणाच्या फाटकाशीच सांगायचं असतं, घोड्याच्या मानेजवळ जाऊन, हळू आवाजात. अकरा वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर हाताने बाहेरची वाट दाखवायची नसते. तिच्या मनातला प्रश्न बहुधा त्याच दिवशी रुजला.

आता शो हंटर पोनीचा वर्ग. इथे रंगाचा काहीही नियम नाही. बांधा, चाल, वळण, मुलीच्या हाताखाली पोनी किती शहाण्यासारखी वागते, एवढंच बघायचं असतं. तिथे कवडी खाली गेली, त्याची कारणं दोन असू शकतात आणि दोन्ही एकाच वेळीही असू शकतात. पहिलं कारण म्हणजे डोळ्याची फसगत. हे आधी सांगते, कारण ते तुमच्या हातातलं आहे.

पट्ट्यांचा घोडा डोळ्याला फसवतो. खांद्यामागे पांढऱ्या-तांबड्याची कड उभी आली की पाठ आहे त्यापेक्षा लांब दिसते. कपाळावरची पांढरी पट्टी एका नाकपुडीकडे झुकली की तोंडच वाकडं वाटतं. सगळ्यात मोठी फसगत पायांची होते. तीन पाय पांढरे आणि एक गडद असला की दुडकी चालताना तो गडद पाय मागे राहतो, अडखळतो असं वाटतं, कारण पांढरे तीन लखलखत उचलले जातात आणि चौथा हिरवळीत हरवतो. परीक्षकासमोर एकाच वेळी बारा-पंधरा पोनी गोल फिरत असतात. प्रत्येकीवर नजर ठरते ती काही सेकंदच. त्या सेकंदात ‘चाल सारखी नाही’ अशी नोंद मनात झाली की ती पुसायला फार कष्ट पडतात. चांगला परीक्षक डोळे बारीक करून रंगाच्या आतलं हाड बघायला शिकलेला असतो. सगळे शिकलेले नसतात.

तेव्हा येत्या रविवारी एवढं करा. कवडीला सपाट जागी उभं करा, अंगावर एकरंगी झूल घाला आणि चारही पायांना एकाच रंगाच्या पट्ट्या बांधा, गुडघ्याखालून खुराच्या वरपर्यंत. तिला सरळ रेषेत दुडकी पळवा, एकदा तुमच्यापासून दूर आणि एकदा तुमच्याकडे, आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. मग झूल आणि पट्ट्या काढून त्याच जागी, त्याच वेगात पुन्हा घ्या. संध्याकाळी मुलीला शेजारी बसवून दोन्ही बघा. पट्ट्या बांधल्यावर चाल सारखी दिसली आणि काढल्यावर अडखळती वाटली, तर ती रंगाची फसगत आहे. पट्ट्या बांधूनही एक पाय छोटा पडत असेल, तर तो प्रश्न रंगाचा नाही. मग नालबंदाला आणि डॉक्टरला दाखवा आणि तोवर शो थांबवा. मी ज्या घरांना हे करायला लावलं, त्यातल्या एका घरी खरोखरच मागच्या पायाची दुखापत सापडली होती. वर्षभर ते लोक परीक्षकांवर चिडून होते आणि पोनी बिचारी मुकाट्याने सहन करत होती.

आणखी एक गोष्ट हाताने करायची. डोळे मिटून कवडीच्या मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत हात फिरवा. खांद्याचा उतार, पाठीची लांबी, पुठ्ठ्याची गोलाई, सगळं तळव्याला लागेल. हाताला रंग दिसत नाही. मुलीलाही करायला लावा. आपली पोनी खरोखर कशी घडलेली आहे हे तिला एकदा हाताने कळलं, की लोकांच्या बोलण्याने ती डगमगणार नाही.

आता दुसरं कारण. परीक्षक बाईंचं ते वाक्य मी तीन वेळा वाचलं. रंगाचा नियम नसलेल्या वर्गात ‘रंगाने घात केला’ असं त्या म्हणाल्या असतील, तर तो पूर्वग्रह आहे. त्याला दुसरं नाव देऊन मी तुमची समजूत काढणार नाही.

तो किती खोलवर असतो ते मी जवळून पाहिलं आहे. एका पावसाळी शनिवारी मी रिंगणाच्या मध्यभागी परीक्षकांच्या शेजारी वही धरून उभी होते. पोनी अजून नुसत्या चालत होत्या, दुडकीचा हुकूमही दिला नव्हता. काळ्या-पांढऱ्या अंगाची एक पोनी आमच्यासमोरून गेली आणि परीक्षक माझ्या कानाशी म्हणाले, “ती गाय शेवटी ठेवू.” पोनीवर बसलेला मुलगा नऊ-दहा वर्षांचा असेल. त्याने कोट इस्त्री करून घातला होता आणि हातमोज्यांना पांढरी खडू पावडर लागली होती. पोनीचे चारही पाय कुणीतरी पहाटे उठून धुतलेले होते. मी काहीच बोलले नाही. माझ्या हातातली पेन्सिल ओली झाली होती एवढं आठवतं. मग एकेकाने आपापली करामत दाखवायची वेळ आली, आणि त्या मुलाने इतकी संथ, इतकी गोल वळणं घेतली की परीक्षकांना तिला तिसरी आणावी लागली. ती पहिली यायला हवी होती. मी तेव्हा बोलायला हवं होतं हे मला आजही वाटतं, आणि म्हणूनच तुमच्या पत्राला एवढं सविस्तर लिहिते आहे.

हा पूर्वग्रह इंग्लंडात आला कुठून? तिथे एकेकाळी पट्ट्यांचा घोडा म्हणजे भटक्या जिप्सींचा किंवा दूधवाल्या-भंगारवाल्याच्या गाडीचा घोडा. कंब्रियातल्या ॲपलबीला जूनच्या सुरुवातीला जिप्सी आणि ट्रॅव्हलर लोकांची घोड्यांची मोठी जत्रा भरते. तुम्ही लँकेशायरला आहात, तुम्हाला ती फार लांब नाही, एकदा मुलीला घेऊन जा. ईडन नदीत उतरून पोरं घोडे धुतात, आणि त्यात पट्ट्यांचे, पायांवर झुपकेदार केसांचे घोडे नुसते उठून दिसतात. त्या समाजाने हा रंग जीव लावून जपला. बड्या घरांच्या शिकारी घोड्यांत एकरंगीपणाची फॅशन होती, आणि ज्या लोकांना नाकं मुरडली जात होती त्यांच्या घोड्यांनाही मुरडली गेली. म्हणजे या रंगद्वेषाच्या मुळाशी घोडा कधी नव्हताच, घोड्याचा मालक होता. तुमच्या मुलीने गाडीत जे विचारलं ते एवढ्याचसाठी माझ्या काळजाला लागलं. तिला हा इतिहास ठाऊक नाही, तरी तिने बरोबर जागी बोट ठेवलं.

आणि त्याच देशात राजघराण्याच्या घोडदळाचे चांदीचे नगारे वाहणारे अवाढव्य घोडे बहुधा पट्ट्यांचेच निवडतात. राजाच्या मिरवणुकीत तो रंग शोभतो, मग 133 सेंटिमीटरच्या वर्गात तो खुपण्याचं कारण काय?

रंगाचे असले हिशेब देश बदलला की उलटे होतात. इंग्लंडात घोड्याच्या पायांवरून एक जुनी यमकं जुळवलेली म्हण आहे. एक पाय पांढरा असेल तर घ्या, दोन असतील तर चालवून बघा, तीन असतील तर नीट पारखा, चार असतील तर नकोच. आपल्याकडे चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरं असलं की तो पंचकल्याणी, शुभ, दारात बांधायला लोक दोन पैसे जास्त देतील. तेच चार पाय! पांढरा खूर मऊ निघतो ही समजूतही तशीच. खुराचं शिंग काळं असो की पांढरं, घडण तीच असते.

पण आपण शहाणे असं समजू नका. माझं लहानपण खानदेशात गेलं. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे. अबलख घोड्याभोवती तिथे गर्दी असायची. एका वर्षी वडिलांच्या मित्राने एक मुश्की घोडी विकायला आणली होती, डोक्यापासून खुरापर्यंत काळी, अंगावर एक पांढरा केस नाही. चाल अशी की पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवावा. येणारा प्रत्येक गिऱ्हाईक आधी गळ्याखाली देवमण, म्हणजे केसांचा शुभ भोवरा शोधायचा, भोवरे मोजायचा, मग रंगाकडे बघून मान हलवायचा. काळी घोडी घरात आणू नये म्हणतात. चार दिवसांत ती गेली नाही. पाचव्या दिवशी मित्र तिला चालवत परत घेऊन गेला, आणि पुढे पंधरा वर्षं ती त्याच्या घरी राहिली. आमच्या तालुक्यात तिच्यासारखं जनावर मी पुन्हा पाहिलं नाही. तुमच्या सासूबाईंनाही विचारा, त्यांना असल्या गोष्टी माहीत असतील.

रंगावरून खरोखर काही धोका असतो का, हाही प्रश्न तुम्हाला कुणी विचारेल. काही रंगांबाबत असतो. वयाबरोबर पांढरे होत जाणारे जे घोडे, ज्यांना तिथे ग्रे म्हणतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना पंधरा वर्षांपुढे शेपटीखाली वगैरे काळ्या गाठी येऊ लागतात. तरी ग्रे पोनीला रिंगणात कुणी रंगाबद्दल बोल लावत नाही. टोबियानोमुळे असं काही होत नाही. काळजी घ्यायची ती एवढीच की पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते. नाकाच्या शेंड्याला उन्हाने चटका बसतो, तिथे जनावरांचं सनक्रीम लावा. आणि लँकेशायरच्या चिखलात पांढऱ्या पायांना खपल्या धरतात, म्हणून धुतल्यावर टॉवेलने टिपून पूर्ण कोरडे केल्याशिवाय तिला बाहेर सोडू नका.

परीक्षकांच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. पट्ट्यांच्या घोड्यांची फॅशन आली तेव्हा काही लोकांनी नुसत्या रंगासाठी पैदास केली. पाय वाकडे, मान आखूड, पण डाग सुंदर! असे बरेच घोडे रिंगणात आले आणि जुन्या परीक्षकांच्या मनात अढी बसली. तेव्हाच्या घोड्यांची शिक्षा कवडीला भोगावी लागू नये, पण ती अढी हवेतून आलेली नाही एवढं लक्षात असू द्या.

मग करायचं काय? पोनी विकू नका. दोन वर्षं जिच्या मानेत तोंड खुपसून तुमची मुलगी मोठी झाली, ती परीक्षकांच्या नजरेपायी विकली तर मुलीला काय कळेल ते मी लिहायची गरज नाही. डाय तर अजिबात नको. घोड्याचा मूळ रंग बदलायला बहुतेक संस्थांच्या नियमांत बंदी असते, पण नियम नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. ज्या मुलीने आत्ताच ‘माझ्या रंगामुळे का?’ असं विचारलंय, तिच्या हातात पोनीचा रंग लपवायला ब्रश देणार का? मैत्रिणीने बऱ्या मनाने सुचवलं असेल. तिला हेच सांगा, ती समजेल.

शो हंटर पोनीचे वर्गही सोडू नका, पण त्याबरोबर पट्ट्यांच्या घोड्यांच्या वर्गात नाव द्या. त्यांना तिथे ‘कलर्ड’ वर्ग म्हणतात. हा शब्द माणसांच्या बाबतीत किती वाईट वापरला गेलाय ते तुम्हाला ठाऊक आहे, मुलीने पाटीवर वाचण्याआधी तुम्हीच तिला सांगून ठेवा की इथे तो फक्त घोड्याच्या पट्ट्यांसाठी आहे. या घोड्यांसाठी चॅप्स नावाची स्वतंत्र संस्था आहे, आणि बर्मिंगहॅमला भरणाऱ्या हॉर्स ऑफ द इयर शोमध्येही कलर्ड घोडे-पोनींची अंतिम फेरी होते. म्हणजे हे काही कोपऱ्यात ढकललेलं प्रकरण नाही. तिथेही मुख्यतः बांधा, चाल आणि वागणूक बघतात. फक्त सगळेच पट्ट्यांचे असल्यामुळे परीक्षकाचा डोळा रंगाला सरावलेला असतो. या वर्गात सहसा दोन भाग असतात. एकात देशी जातींच्या घडणीचे, कॉब आणि झुपकेदार पायांचे पारंपरिक घोडे. दुसऱ्यात अयाळीच्या वेण्या घालून आणायचे घोडे. कवडी शो हंटर घडणीची असेल तर दुसऱ्या भागात बसेल. वेण्या घालायला तुम्हाला शिकवायला नको, लेकीची घालता तशीच तीन पेडांची. फक्त दोऱ्याने पक्की शिवून गुंडाळी करायची, आणि पट्ट्यांच्या अयाळीत दोरा जिथे जो रंग असेल त्या रंगाचा घ्यायचा. पांढऱ्या भागात तपकिरी दोरा दिसला तर मान तुटक दिसते. या बारीकसारीक गोष्टींना पट्ट्यांच्या घोड्यांत दुप्पट महत्त्व आहे, कारण पांढऱ्यावर प्रत्येक डाग दिसतो. पहाटे खरारा करताना हिरवा शेणाचा डाग राहिला तर परीक्षकाला तोच आधी दिसणार.

तक्रारीबद्दल. निकाल म्हणजे परीक्षकाचं मत असतं, आणि मतावर तक्रार चालत नाही. नियम मोडला गेला असेल तरच लेखी हरकत घेता येते, तीही अनामत भरून आणि दिलेल्या मुदतीत. त्या बाईंच्या वाक्याबद्दल तुम्ही संस्थेच्या सचिवांना शांत भाषेत पत्र लिहू शकता. शोची तारीख, वर्ग, आणि त्या जे म्हणाल्या ते शब्द जसेच्या तसे. एवढंच विचारायचं की या वर्गात रंग हा निकष आहे का? उत्तर ‘नाही’ असंच येईल आणि ते लेखी येईल. त्या उत्तराने निकाल बदलणार नाही, पण त्या बाईंच्या नावापुढे कुठेतरी एक नोंद होईल. अशा नोंदी साठल्या की संस्था परीक्षकांशी बोलतात. जिथे गुण देऊन निकाल लावतात तिथे गुणपत्रक बघून घ्या. बांध्याला कमी आणि चालीला जास्त पडलेत की उलट, यावरून पुढच्या महिन्यात कशावर मेहनत घ्यायची ते कळतं. आणि परीक्षकांशी बोलायचं असेल तर वर्ग संपल्यावर, स्टुअर्डमार्फत, मुलीला शेजारी उभं करून. प्रश्न असा विचारा: “आम्ही काय सुधारू?” ‘आमचा नंबर का नाही’ असं विचारलंत तर समोरचा माणूस बचावात जातो आणि कामाचं काही सांगत नाही.

आता पुन्हा गाडीत. “की माझ्या?”

इथे बसून मी ‘नाही’ असं छातीठोक सांगू शकत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. इंग्लंडातल्या शोंच्या रिंगणात आपल्यासारखे चेहरे फार थोडे असतात हे मी तिथे राहून पाहिलं आहे, आणि ते तिलाही दिसतं. तुम्ही आधी तिला विचारा की हा प्रश्न तिच्या मनात आला कुठून. कुणी काही म्हणालं का? तबेल्यातल्या मुली काही बोलतात का? परीक्षक सगळ्यांशी दोन शब्द बोलले आणि तिच्याशी बोलले नाहीत, असं झालं का? उत्तर लगेच येणार नाही. कवडीचं खोगीर पुसताना, हात कामात आणि नजर खाली असताना विचारा, मुलं तेव्हा बोलतात. काही निघालंच, तर ते घोड्याच्या रंगाचं प्रकरण नव्हे आणि तिथे मी सबुरी सांगणार नाही. तारीख आणि शब्द लिहून ठेवा आणि संस्थेच्या सेफगार्डिंग ऑफिसरकडे जा. मुलांच्या अशाच गोष्टींसाठी तो माणूस नेमलेला असतो.

काही निघालं नाही, तर तिला तीन शोंचं खरं ते सांगा. पहिल्यांदा आईने नियम न वाचता नाव दिलं. नंतर एका परीक्षक बाईंना कवडीचा रंग आवडला नाही, आणि ती त्या बाईंची चूक होती. उरलेल्या शोचं आपल्याला माहीत नाही, म्हणून आपण व्हिडिओ काढून बघणार आहोत. अकरा वर्षांच्या मुलीला एवढं पुरेसं कळतं, आणि आई आपल्याशी खरं बोलते हेही कळतं.

तिला खादीजा मेल्लाहबद्दलही सांगा. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात एबनी हॉर्स क्लब आहे, शहरातल्या मुलांना घोड्यांजवळ आणणारा. खादीजा तिथे घोड्यावर बसायला शिकली आणि 2019 मध्ये, अठरा वर्षांची असताना, गुडवुडच्या मैदानावर हिजाबवर हेल्मेट घालून तिने मॅग्नोलिया कप ही शर्यत जिंकली. त्या शर्यतीआधी काही महिन्यांपर्यंत ती शर्यतीच्या घोड्यावर बसलेलीही नव्हती. तुमच्या मुलीला शर्यतीत जायचं नाही, तरी त्या शर्यतीचे फोटो तिला आवडतील.

ते दोन्ही व्हिडिओ मलाही पाठवा, पट्ट्या बांधलेला आणि न बांधलेला. समोरून आणि मागून घ्या, मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरा, आणि कवडीला मुलीलाच धरून पळू द्या. ती दोरी हातात धरते तेव्हा पोनी कशी मोकळी चालते, ते मला बघायचं आहे.

– तुमची ताई